डॉक्टरसाहेब, एकदा सांगायचं होतंत

डॉक्टरसाहेब,

तुम्हाला मी आठवणार नाही. २०१४ च्या मार्गशीर्षात, गणपतीचा सीझन संपून हातात चार पैसे आले होते तेव्हा, पेणहून एक छत्तीस वर्षांची बाई नवऱ्याबरोबर तुमच्या दवाखान्यात आली होती. पाळीत अंगावरून फार जायचं. सात-आठ दिवस जीव नकोसा व्हायचा, जिना चढताना धाप लागायची. तुम्ही सोनोग्राफी पाहिलीत आणि म्हणालात, पिशवीला सूज आहे, एक बारकी गाठ आहे. मी विचारलं, औषधाने नाही का जाणार? तुम्ही माझ्याकडे नाही, यांच्याकडे बघून हसलात. म्हणालात, "दोन मुलं झाली ना? मग आता पिशवीचं काय लोणचं घालायचंय?"

हे हसले. मीही हसले. ते माझं हसणं मला अजून टोचतं.

तुमचं नाव या पत्रात लिहिलेलं नाही, गावाचंही नाही. तुमची बदनामी करायची नाही मला. तुमचे टाके सुरेख होते, आता वण शोधावा लागतो. बिलातले दोन हजार तुम्ही न मागता कमी केलेत, तेही मी विसरलेले नाही. म्हणून तर जास्त लागलं. वाईट माणसाने फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सबाईंनी एक कागद आणला. छापील, इंग्रजी. त्यावर सही यांची घेतली. मी तिथेच खाटेवर बसले होते, हाताला सुई लावलेली, शुद्धीत, बारावी शिकलेली. "तुम्हाला कशाला त्रास," असं त्या म्हणाल्या. पाचव्या दिवशी घरी सोडलंत तेव्हा कार्डावर इंग्रजीत काही अक्षरं होती, टी.ए.एच. आणि पुढे बी.एस.ओ. अक्षरं मला ओळखता येतात. अर्थ लागला नाही, आणि अर्थ विचारायचा असतो हेही तेव्हा कळत नव्हतं. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं, रेशनकार्डाच्या खाली.

घरी येऊन आठवडाही झाला नसेल. खाडीवरून गार वारा येत होता, पोरं स्वेटर घालून झोपली होती. रात्री छातीतून एक कढ उठला, मानेवरून कानांपर्यंत चढला, चेहरा पेटल्यासारखा झाला आणि मग घामाने पोलकं भिजलं. पाच मिनिटांनी हुडहुडी भरली. त्या रात्रीत असं चार वेळा झालं. टाके काढायला आले तेव्हा तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "अशक्तपणा आहे. महिनाभर कॅल्शियमच्या गोळ्या घ्या."

तुम्हाला तर ठाऊक होतं, डॉक्टरसाहेब. अख्ख्या खोलीत एकट्या तुम्हालाच ठाऊक होतं.

माझं काम तुम्ही कधी विचारलं नाहीत, ते आता सांगते. हमरापूर-जोहे बाजूला गणपतीचे कारखाने आहेत, घराघरांत, शेडांत. त्यातल्या एकात मी डोळ्यांची आखणी करते. मूर्तीला रंग झाला, शेडिंग झालं, की शेवटी डोळे. आधी वरच्या पापणीची रेघ, मग बुबुळ, मग त्यातला पांढरा ठिपका. पापणीची रेघ श्वास रोखून एका दमात ओढायची असते. मध्ये थांबलात तर जोड दिसतो, आणि जोड दिसला की मूर्ती दुखावल्यासारखी दिसते. पेणच्या गणपतीला लोक डोळ्यांवरून ओळखतात. लग्न होऊन आल्यावर सासऱ्यांनी हातात ब्रश दिला, तेव्हापासून हजारो डोळे उघडले असतील मी.

पुढच्या एप्रिल-मेमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये, हे कढ दिवसाला पंधरा-वीस वेळा यायला लागले. एकदा दीड फुटी मूर्तीचा उजवा डोळा ओढत होते, रेघ अर्ध्यावर होती आणि कढ आला. हनुवटीवरून घामाचा थेंब टपकन मूर्तीच्या गालावर पडला. ओला काळा रंग डोळ्याच्या कोपऱ्यातून खाली ओघळला. मूर्ती रडल्यासारखी दिसायला लागली. मी ती पुसली, परत रंगवली, परत आखली. पण शेठ बघत होते. दुसऱ्या दिवसापासून मोठ्या मूर्ती दुसऱ्या कारागिराकडे गेल्या. ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

बाकीचं भराभर सांगते, सगळं लिहायला हात धजत नाही. झोप गेली. लघवीला जळजळ व्हायची, दर दोन महिन्यांनी. नवऱ्याजवळ जायची भीती वाटायला लागली, कारण आतून कोरडं पडलं होतं, सुरी फिरवल्यासारखं दुखायचं. हे म्हणाले, तुला आता मी नकोसा झालोय. काय उत्तर देणार? मलाच कारण माहीत नव्हतं. चार वर्षं आम्ही एका खोलीत पाठ करून झोपलो, डॉक्टरसाहेब. नाती चार वर्षांत वाळतात. ऑर्डरी विसरायला लागले, पोरांवर उगाच कडाडायचे, मग चुलीपाशी बसून रडायचे. सासूबाईंनी एका भगताकडेही नेलं. त्याने नारळ उतरवला आणि बाहेरचं आहे म्हणून सांगितलं. त्या म्हातारीला मी दोष देत नाही. तिला निदान काहीतरी कारण शोधावंसं वाटलं.

२०२१ च्या आषाढात शेडमध्ये पाण्याची बादली ठेवताना पाय घसरला. उंचावरून पडले नाही, उभ्या उभ्या पडले, उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि बराच वेळ बघत राहिले. "वय किती म्हणालात?" त्रेचाळीस. "पाळी चालू आहे?" पिशवी काढली आहे. "कधी? कागद आहेत?" रेशनकार्डाखालची ती पिशवी लेकीने आणून दिली. कार्ड वाचून ते म्हणाले, "ताई, तुमची नुसती पिशवी नाही काढलेली. दोन्ही अंडाशयं पण काढली आहेत. तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

त्यात आणखी एक कागद होता, काढलेल्या भागाची लॅबमध्ये तपासणी झाली त्याचा. पिशवीत एक लहान गाठ, साधी. आणि दोन्ही अंडाशयांपुढे एकच इंग्रजी शब्द. त्याचा अर्थ मी विचारून घेतला. सांगण्यासारखं काही नाही. म्हणजे चांगली होती. निरोगी, चालती, छत्तीस वर्षांच्या बाईची असावीत तशी. सात वर्षं तो कागद माझ्या कपाटात होता.

पनवेलला हाडांची घनता मोजून आले. आकडा आला वजा २.८. वजा अडीचच्या खाली गेला की हाडं ठिसूळ झाली असं धरतात. त्या वर्षी माझी आई सत्तरीची होती, रोह्याजवळच्या आमच्या माहेरी ती वाकून भाताची लावणी करत होती. तिची हाडं माझ्याहून बरी असतील, असं ते डॉक्टर म्हणाले. मला आईचा आनंद वाटायला हवा होता. मी स्टेशनवर बसून रडले.

लेक नर्सिंगला आहे. तिने पुस्तकं काढून माझ्याशेजारी बसून एकेक गोष्ट समजावली. ती शिकली तसंच लिहिते, चुकलं तर तुम्ही दुरुस्त करा. निदान तेवढं तरी करा.

अंडाशय म्हणजे वालाच्या दाण्याहून मोठं, बदामाएवढं. मी समजत होते, पोरं होण्यापुरतंच त्याचं काम. पण त्यातून निघणारं इस्ट्रोजेन रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं. हाड रोज थोडं झिजतं आणि रोज थोडं भरून निघतं, त्या झिजेला इस्ट्रोजेन आवर घालून असतं. ते गेलं की झीज पुढे पळते, आणि पहिल्या काही वर्षांतच सगळ्यात जास्त पळते. रक्तवाहिन्या लवचिक ठेवायचं, वाईट कोलेस्ट्रॉल वाढू न द्यायचं काम त्याच्याकडे. मेंदूत अंगाची उष्णता सांभाळणारी जागा आहे, तिचा तोल त्याच्यावर. माझे कढ तिथून येत होते. झोप, मनाची उभारी, योनीची आणि मूत्रमार्गाची कातडी, सगळीकडे त्याचा हात. आणि पाळी गेल्यावरही अंडाशय अगदी रिकामं बसत नाही, थोडे हार्मोन तयार करतच राहतं.

आईची पाळी जायला चार वर्षं लागली. आधी दोन महिने लांबली, मग सहा, मग एका दिवाळीनंतर आलीच नाही. शरीराला सवय करून घ्यायला वेळ मिळाला. तेव्हा ती अठ्ठेचाळीसची होती. आपल्याकडे बहुतेक बायकांची पाळी शेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास जाते. माझी गेली छत्तिसाव्या वर्षी, एका सकाळी, भूल दिलेली असताना. आईला चार वर्षं मिळाली, मला दोन तास. वर दहा वर्षं आधी.

हे काही गूढ ज्ञान नव्हतं, डॉक्टरसाहेब. अमेरिकेत १९७६ पासून हजारो नर्सबायकांची तब्येत वर्षानुवर्षं नोंदवत आले आहेत. त्यांतल्या पिशवी काढलेल्या २९,३८० जणींचा हिशेब २००९ मध्ये छापून आला. अंडाशयं काढलेल्यांना अंडाशयाचा आणि स्तनाचा कॅन्सर कमी झाला, हे खरं. पण हृदयविकार जास्त झाला, आणि एकूण मृत्यूही जास्त झाले. कुठल्याही वयात अंडाशयं काढल्याने आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. त्याआधी २००७ मध्ये मेयो क्लिनिकच्या वॉल्टर रोक्का यांनी दाखवलं होतं की पाळी जाण्याआधी अंडाशय काढलं तर पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, आणि वय जितकं कमी तितका जास्त. दोन्ही गोष्टी माझ्या ऑपरेशनच्या आधीच्या. तुमच्या टेबलावर इंग्रजी मासिकं असायची, मी पाहिली आहेत.

तुमची बाजू मी स्वतःशीच मांडून पाहिली आहे, रात्री जाग आली की तेच करते. तुम्हाला वाटलं असेल, पोट उघडलंच आहे तर कॅन्सरची भीतीही काढून टाकू. कुणाच्या घराण्यात तो कॅन्सर असतो, कुणाचं अंडाशय पिळवटून काळं पडतं, कुणाला गाठच वाईट निघते. त्यांची काढावीच लागतात, आणि ती काढणारा डॉक्टर त्यांचा जीव वाचवतो. पण माझ्या माहेरी-सासरी कुणाला तो कॅन्सर नव्हता. तुम्ही विचारलंही नव्हतं. आणि समजा, काढणं योग्यच होतं. तरी काढल्यानंतर सांगायला काय जात होतं? कमी वयात अंडाशयं गेली आणि बाकी काही अडचण नसली, तर नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत इस्ट्रोजेन बाहेरून देतात. पिशवी नसलेल्या बाईला तर एकच हार्मोन पुरतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने हार्मोनच्या गोळ्यांची धास्ती बसली, तेही लेकीने वाचून दाखवलं. पण त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय होतं त्रेसष्ट. छत्तिशीच्या बाईला त्यांचा निकाल लावून कसं चालेल? मला ती गोळी त्रेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्या डॉक्टरांनी सुरू केली. तीन आठवड्यांत कढ थांबले. तीन आठवडे, डॉक्टरसाहेब. मी सात वर्षं काढली होती.

मनगट बसलं, पण थोडं वाकडं. छोट्या मूर्तीचे डोळे अजून जमतात. मोठ्या मूर्तीची लांब रेघ एका दमात येत नाही.

सहीबद्दलही बोलायचं आहे. दिल्लीत समीरा कोहली नावाच्या बाई होत्या. १९९५ मध्ये दुर्बिणीतून तपासायला म्हणून भूल दिली आणि त्या बेशुद्ध असताना, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन त्यांची पिशवी आणि अंडाशयं काढली. त्या भांडत भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. १६ जानेवारी २००८ ला कोर्टाने सांगितलं की शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने दुसरं कुणी संमती देऊ शकत नाही, आणि संमती खरी धरायची तर आधी पुरती माहिती द्यायला हवी. भरपाई मिळाली पंचवीस हजार रुपये. तेरा वर्षांनी. त्या बाई निदान बेशुद्ध होत्या. मी तर खाटेवर जागी बसून तुमच्या नर्सबाईंच्या पेनाकडे बघत होते.

मी एकटी असते तर नशीब म्हणून गप्प बसले असते. पण २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी आली. खाडा पडला तर पैसे कापतात, पाळीत कोयता चालत नाही, म्हणून पिशव्या काढून घेतलेल्या बायका. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहाजणींत एक. तेव्हा मी टीव्हीसमोर हळहळले आणि मनात म्हटलं, बिचाऱ्या, आपलं बरं होतं. त्यांच्यातल्या कितीजणींची अंडाशयंही गेली असतील, आणि कितीजणींना ते ठाऊक असेल? ज्यांची राहिली त्यांचंही सगळं नीट नसतं. पिशवी काढताना अंडाशयांकडे जाणारा रक्ताचा एक रस्ता तुटतो आणि ती लवकर थकू शकतात.

गडचिरोलीत राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या होत्या. १९८९ मध्ये ते छापून आलं. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कुणी तपासलेल्या शंभरात आठ. अंगावरून पांढरं जाणं, सूज, जंतू, पाळीच्या तक्रारी, यांतलं कितीतरी गोळ्या-मलमाने बरं होणारं. पण अंगावर काढत काढत बाई येते ती थकून, आणि थकलेल्या बाईला काढून टाका म्हटलं की ते खरंच वाटतं. मलाही वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी सुटले एकदाची म्हणून शांत झोपले होते.

२०२३ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना सांगितलं की गरज नसताना होणारी ही ऑपरेशनं रोखायची केंद्राची नियमावली तीन महिन्यांत लागू करा. जिल्ह्याजिल्ह्यात समिती, प्रत्येक ऑपरेशनची नोंद. लेकीने ती बातमी मोबाईलवर वाचून दाखवली, तेव्हा मी कणीक मळत होते. माझ्या वेळी असं काही असतं, तर तुमच्या पेनाने कागदावर माझं वय लिहिताना एकदा तरी अडखळायला लागलं असतं.

गेल्या वर्षी धाकट्या बहिणीचा रोह्याहून फोन आला. वय एक्केचाळीस, पाळीत फार जातं, एका डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली आहे, सोमवारी ॲडमिट व्हायचंय. मी शनिवारीच पेणहून मेमू पकडली. कासू, नागोठणे, निडी, एवढासा रस्ता, पण त्या दिवशी संपेना. घरी गेल्या गेल्या विचारलं, अंडाशयांचं काय म्हणाले? ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "ती पण काढतात?"

आम्ही दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी रक्त तपासलं, हिमोग्लोबिन सातच्या खाली. आतून तुकडा घेऊन तपासायला पाठवला, त्यात काही वाईट निघालं नाही. मग त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर पेनाने चित्र काढलं. मध्ये पिशवी, दोन बाजूंना दोन अंडाशयं, आणि बहिणीला म्हणाल्या, "ही दोन तुमच्या हाडांची आणि हृदयाची राखण करतात. रक्त थांबवायला यांना हात लावायची गरज नाही." रक्तवाढीची औषधं दिली आणि पिशवीत हार्मोनची तांबी बसवली. चार महिन्यांत जाणं कमी झालं. यंदा ती लावणीला आईच्या बरोबरीने उभी होती.

ते चित्र काढायला मॅडमना किती वेळ लागला, मी घड्याळ बघितलं होतं. दोन मिनिटंही नाहीत. तो कागद बहिणीने मला दिला, माझ्याकडे आहे. त्या रेघा काही फार चांगल्या नाहीत, हात थरथरल्यासारखा आहे. मी डोळे आखणारी बाई, मला रेघ कळते. पण तेवढ्या वेडीवाकड्या चित्राने माझी सात वर्षं वाचली असती. तुम्हाला चित्र काढायला जमलं नसतं तर मी काढलं असतं, तुम्ही नुसतं सांगायचं होतंत.

भरपाई मला नको. मला एवढंच विचारायचं आहे की त्या दिवशी आत काय पाहिलंत, म्हणून दोन्ही काढलीत? काही पाहिलं असेल तर लिहा, मी मान्य करीन. काही पाहिलं नसेल तर तेही लिहा. आणि मी टाके काढायला आले होते, कढ येतात म्हणाले होते, तेव्हा तुमच्या मनात काय होतं, ते लिहा.

उत्तर मराठीत लिहा. पाकिटावर माझं नाव घाला, यांचं नको.

तुमची एक पेशंट,
पेण